कुणाची गो तू?

जुलैचा शेवटचा शुक्रवार होता. उन्हाळ्यात स्पेनमधल्या सारागोसा शहरातल्या आमच्या ऑफिसला तीनलाच सुट्टी होते, पण त्या दिवशी दोनपासूनच कुणाचं कामात लक्ष नव्हतं. कुणी फ्रिजमधलं उरलेलं दही संपवत होतं, कुणी खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं काम माझ्यावर सोपवत होतं, कारण ऑगस्टभर शहरात राहणारी बहुधा मीच. जो भेटेल त्याला मी विचारत होते, सुट्टीत कुठे? उत्तर एकच: आल प्वेब्लो. गावाला. हिशेब बघणारे, निवृत्तीला आलेले गृहस्थ गावाला, रिसेप्शनवरची मुलगी गावाला, माझ्या शेजारच्या टेबलावरची सहकारीही गावाला. गावाचं नाव मात्र कुणी घेईना. शेजारणीला मी मुद्दाम विचारलं, "कुठल्या गावाला?" तिला प्रश्नाचं कारणच कळलं नाही. "माझ्या," ती म्हणाली आणि बॅगेची चेन ओढता ओढता, सकाळपासून चाललेल्या विजेच्या बिलांच्या चर्चेला धरून आणखी एक वाक्य टाकून गेली: "एल प्वेब्लो नो एस तोंतो." प्वेब्लो काही मूर्ख नाही.

एका वाक्यातला प्वेब्लो तिच्या आजीच्या बंद घराएवढा, दुसऱ्यातला अख्खा स्पेन. मध्ये फक्त बॅगेची चेन.

तिचा जन्म सारागोसाचा. तिची आईसुद्धा शहरात आली ती शाळकरी वयात, १९६० च्या दशकात, जेव्हा सारागोसाभोवतालच्या आरागोन प्रदेशाच्या डोंगराळ भागातून घरंच्या घरं उठून सारागोसा, बार्सेलोना, वालेन्सियाला जात होती. गावात आता आजीचं घर आहे आणि ते वर्षातले दहा महिने बंद असतं. तरी गाव तिचं. यात मला परकं काही वाटलं नाही. डोंबिवलीत जन्मून, डोंबिवलीतच वाढून राजापूरकडच्या एका वाडीला मी आजवर "आमचं गाव" म्हणत आले आहे. मे महिन्यात आणि गणपतीत आमच्या चाळीचे जिने रिकामे होत, तेव्हाही कुणी गावाचं नाव घेत नसे. "गावाक चाललंव" एवढंच. तेव्हा पहिलं वाक्य मला ऐकताक्षणी कळलं. मला सोडेना ते दुसरं, आणि त्याहून जास्त ही गोष्ट की तिच्या तोंडी ती दोन्ही वाक्यं एकाच शब्दाने, सहज, पाठोपाठ आली.

पुण्यातल्या संध्याकाळच्या वर्गात हा शब्द अगदी सुरुवातीला फळ्यावर आला होता. पुल्लिंगी. अर्थ पहिला: गाव, खेडं. अर्थ दुसरा: लोक, जनता. कुठला कुठे घ्यायचा ते संदर्भाने कळतं, असं आमच्या बाईंनी सांगितलं आणि परीक्षेपुरतं ते खरंही होतं. पुढे स्पॅनिश अकादमीचा कोश हाताळायला लागले तेव्हा तिथे पाच अर्थ सापडले. शहर किंवा नगर; त्याहून लहान वस्ती; एखाद्या ठिकाणच्या, प्रदेशातल्या किंवा देशातल्या माणसांचा समुदाय; सामान्य, गरीब माणसं; आणि स्वतंत्र सरकार असलेला देश. लॅटिनमधला पोपुलुस म्हणजे माणसं, आणि त्याच्यापासून आलेला हा शब्द हळूहळू माणसं राहतात त्या जागेलाही लागला. म्हणजे आधी माणसं, मग घरं. कोशात मात्र क्रम उलटा: घरं वर, माणसं तिसऱ्या नंबरवर. मला तो क्रम आवडत नाही. कोशकारांची त्यामागे काही शिस्त असेलच, पण ज्या लोकांमध्ये मी राहते त्यांच्या बोलण्यात हे पाच अर्थ पाच खणांत ठेवलेले नसतात.

ऑगस्टच्या मध्यावर तिने मला गावी बोलावलं. पंधरा ऑगस्ट, आपल्याकडे झेंडावंदनाचा दिवस, तिकडे मरीयेच्या स्वर्गारोहणाचा सण. स्पेनमधल्या असंख्य गावांची जत्रा याच आठवड्यात येते. सारागोसाहून तेरुएल प्रांताकडे जाणारा महामार्ग चढत जातो तसा हिरवा रंग कमी कमी होत जातो. गहू कधीच कापून झालेला, शेतांत पिवळे खुंट, मध्येच तांबडी माती उघडी पडलेली, आणि साबिना नावाची बुटकी, खडबडीत झाडं, एकमेकांपासून अंतर राखून उभी. हवा इतकी कोरडी की ओठ चरचरतात. मग एका वळणावर विटांचा मनोरा दिसतो, त्याच्याभोवती धरून बसलेली घरं, आणि गाडीतलं बोलणं आपोआप थांबतं. ही थांबण्याची जागा मला ओळखीची होती. राजापूरचा घाट उतरताना आमचे बाबा असेच गप्प होत.

गल्लीच्या तोंडाशी दाराबाहेर खुर्ची टाकून एक आजी बसल्या होत्या. काळा झगा, पायात कापडी चपला, मांडीवर वाटाण्याच्या शेंगांचं भांडं. संध्याकाळी ऊन कलल्यावर असं दाराबाहेर बसायचं, याला तिकडे "आ ला फ्रेस्का" म्हणतात, म्हणजे गारव्याला बसणं. आन्दालुसियातल्या आल्गार नावाच्या गावाने २०२१ मध्ये हे बसणं युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशात घ्यावं म्हणून खटपट सुरू केली होती. ती बातमी वाचून ऑफिसातले काही जण हसले होते, मला मात्र मागणी रास्त वाटली. आजींनी मान वर करून माझ्या सहकारीकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "ई तू, दे क्येन एरेस?"

आणि तू, कुणाची?

नाव नाही विचारलं. काय करतेस, कुठून आलीस, काही नाही. कुणाची. मी जागच्या जागी उभी राहिले, कारण हा प्रश्न मी शब्दशः ऐकलेला होता. वाडीतल्या पायवाटेवर डोक्यावर पाटीभर शेण घेऊन येणारी कुठलीशी काकी थांबायची, कपाळावरचा घाम पदराने पुसायची आणि म्हणायची, "कुणाची गो तू?" तिथे स्वतःचं नाव सांगून भागत नसे. आजोबांचं सांगायचं, आणि तेही कागदावरचं नाही. "वरल्या विहिरीकडल्या आप्पाची नात" असं सांगितलं की काकीचा चेहरा उजळे, आणि मग तिला आपल्याबद्दल आपल्यापेक्षा जास्त माहिती असे. तेरुएलमधल्या त्या गल्लीतही हेच झालं. सहकारीने आईचं नाव घेतलं नाही, आडनाव तर नाहीच. घराण्याचं टोपणनाव घेतलं. पूर्वी कधीतरी त्यांच्याकडे लोहाराचा भाता होता, तेव्हापासून ते सगळे "भात्यावाले". चार पिढ्यांत लोखंडाला कुणी हात लावला नाही, पण नाव राहिलं. आजींनी वाटाण्याचं भांडं बाजूला ठेवून तिचे दोन्ही गाल धरले. मग माझ्याकडे वळून तोच प्रश्न. "ही माझ्याबरोबर आलीय," सहकारीने सांगितलं. आजींनी मान डोलावली. तेवढं पुरलं.

त्या रात्री आणि पुढच्या दोन दिवसांत मी तो शब्द कान देऊन ऐकत होते. "प्वेब्लो जेवायला बसलंय": चौकात लांबच लांब टेबलं मांडलेली, मोठ्या पसरट कढईत भात, वाइनमध्ये मुरवलेली पीच फळं, आणि एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेली पोरांची टोळकी. "प्वेब्लोला हे पटायचं नाही": बायका एका ठरलेल्या लग्नाबद्दल कुजबुजत होत्या. "प्वेब्लोने बांधलंय": गावाबाहेरचं धुण्याचं दगडी कुंड. मराठीत यातल्या प्रत्येक जागी "गाव" बसतं. गाव जेवलं, गावाला तोंड कसं दाखवू, गावाने श्रमदान करून बांधलं. आपल्याही शब्दात जागा आणि माणसं अशी कालवलेली आहेतच. मात्र रात्री उशिरा शिंगांवर पेटते गोळे बांधलेला बैल चौकात सोडला तेव्हा मी आत निघून आले. बाहेरून ओरडा येत होता आणि तोही प्वेब्लोचाच होता.

सहकारीचे मामा मला जुनी दवंडी ऐकवायला उत्सुक होते. त्यांच्या लहानपणी गावचा दवंडीवाला पितळी भोंगा वाजवत चौकाचौकात थांबायचा. मामांनी ओठांपाशी मूठ धरून भोंग्याचा आवाज काढला आणि खर्जात सुरुवात केली, "दे ओर्देन देल सेन्योर आल्काल्दे, से आसे साबेर..." म्हणजे महापौरसाहेबांच्या हुकमावरून कळविण्यात येते की. मी "ऐका हो ऐका" करून दाखवलं, त्यांना ते इतकं आवडलं की जेवणावर तीनदा म्हणायला लावलं. स्पेनमध्ये आजही काही अगदी छोट्या गावांत निवडून आलेली समिती नसते. सगळे मतदार एकत्र बसतात आणि गावचा कारभार ठरवतात. त्याला कोन्सेखो आब्येर्तो म्हणतात, म्हणजे उघडी सभा, आणि १९७८ च्या राज्यघटनेत तिचा नावानिशी उल्लेख आहे. आपली ग्रामसभा कायद्यात आहे, पण तिला किती माणसं येतात हे गावात राहणाऱ्यांना ठाऊक आहे.

याच घटनेच्या पहिल्या कलमात ते वाक्य आहे ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. राष्ट्राचं सार्वभौमत्व स्पॅनिश प्वेब्लोच्या ठायी आहे आणि राज्याच्या सगळ्या सत्ता तिथूनच निघतात. घटनेसारख्या भारदस्त कागदात, जिथे प्रत्येक शब्द काट्यावर तोललेला असतो, तिथे त्यांनी तोच शब्द ठेवला आहे जो माणूस आजीच्या घरासाठी वापरतो. आपली उद्देशिका "आम्ही, भारताचे लोक" म्हणते. मला ती पाठ आहे आणि म्हणताना आजही घसा दाटतो. पण मराठीत गावापासून देशापर्यंत जाताना वाटेत कुठेतरी शब्द बदलावा लागतो. तालुक्याची वेस ओलांडली की गावाचे लोक होतात, भाषणात त्यांची जनता होते, निवडणुकीत मतदार आणि जुन्या कागदांत रयत. तेरुएलमधल्या त्या आजींना असा बदल करावाच लागत नाही. दाराशी बसलेला प्वेब्लो आणि घटनेतला प्वेब्लो एकच शब्द असल्यामुळे सत्ता कुठून निघते हे त्यांना वेगळं समजावून सांगायची गरज पडत नसावी, असं मला तिथे बसून वाटलं. सहकारीचं "प्वेब्लो काही मूर्ख नाही" हे वाक्य याच रस्त्याने आलेलं. तिच्या मनात मतदारांची संख्या नव्हती. डोळ्यांपुढे मामा होते, आजी होत्या, ज्यांना बिल वाचता येतं आणि कुणी लुबाडतंय तेही कळतं.

याची एक जुनी गोष्ट तिथे सगळ्यांना ठाऊक असते. कोर्दोबा प्रांतात फ्वेन्ते ओबेखूना नावाचं गाव आहे. एप्रिल १४७६ मध्ये गावकऱ्यांनी त्यांच्यावर जुलूम करणाऱ्या कालात्राव्हा या लढवय्या धर्मसंघाच्या सरदाराला, फेर्नान गोमेस दे गुस्मानला, त्याच्या वाड्यात शिरून ठार केलं. राजाकडून चौकशीला न्यायाधीश आला. त्याने माणसांना धरून छळ केला, बायकांना, पोरांनाही सोडलं नाही, असं बखरी सांगतात. प्रश्न एकच: सरदाराला कुणी मारलं? उत्तरही एकच: फ्वेन्ते ओबेखूनाने. शेवटी कुणा एकाला शिक्षा देता आली नाही आणि प्रकरण मिटलं. पुढे यावर नाटक झालं, ते जगभर गेलं, आणि "फ्वेन्ते ओबेखूना, सगळे एक" हे शब्द स्पॅनिशमध्ये म्हणीसारखे रुळले. ही गोष्ट मामांनी सांगितली तेव्हा मी त्यांना आपली म्हण सांगितली: गाव करी ते राव न करी. त्यांनी ती मराठीत दोनदा घोळवली.

इथवर मला सगळं फार गोड लागत होतं, आणि गावाचं कौतुक नेमकं इथेच थांबवावंसं वाटतं.

स्पॅनिशमध्ये म्हण आहे: प्वेब्लो पेकेन्यो, इन्फ्येर्नो ग्रांदे. गाव लहान, नरक मोठा. सारागोसाच्या दक्षिणेला बेल्चीते आहे. स्पेनच्या यादवी युद्धात, १९३७ च्या लढाईत ते गाव पार उद्ध्वस्त झालं, मग ते तसंच ठेवून शेजारी नवं बांधलं. जुनं प्वेब्लो आणि नवं प्वेब्लो. जुन्यात फिरताना भिंतींतल्या गोळ्यांच्या खुणा दिसतात, त्या तर शत्रूच्या. पण त्या युद्धात स्पेनमधल्या कितीतरी गावांत रात्री दार वाजवायला आलेली माणसं त्याच गावची होती, आणि रस्त्याकडेच्या खड्ड्यांत पुरलेल्यांची हाडं त्यांची नातवंडं अजून शोधत आहेत. ऑफिसातले हिशेब बघणारे गृहस्थ दर ऑगस्टला गावी जातात, पण एका विशिष्ट गल्लीतून त्यांचे वडील कधीच गेले नाहीत आणि तेही जात नाहीत. एवढंच त्यांनी सांगितलं.

उत्तरेला नावार्रामध्ये बास्तानचं खोरं आहे, हिरवंगार, पावसाचं, थेट कोकणाची आठवण करून देणारं. तिथल्या आरिस्कुन गावाची बोसाते नावाची एक वस्ती आहे. त्या वस्तीत आगोते राहत. शतकानुशतकं या माणसांना चर्चमध्ये मागे, वेगळं बसावं लागे. त्यांच्याशी सोयरीक होत नसे, शेतजमीन मिळत नसे. सुतारकाम, दगडकाम करून ते जगत. दिसायला, बोलायला, देवाला हाक मारायला ते अगदी शेजाऱ्यांसारखेच. त्यांच्याशी असं का वागायचं याचं धड कारणही कुणाला सांगता येत नसे. त्यांनी थेट पोपकडे दाद मागितली, १५१५ मध्ये त्यांना बरोबरीने वागवा असा आदेशही रोमहून निघाला, तरी गाव बदललं नाही. कायद्याने हा भेद पुसायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. हे वाचलं तेव्हा मला समजावून सांगायला कुणाची गरज पडली नाही. आमच्या वाडीतही एक वाडी थोडी लांब आहे. तिकडच्या मुलीला "कुणाची गो तू" हा प्रश्न काकी ज्या आवाजात विचारे तो आवाज माझ्यासाठीच्या आवाजापेक्षा वेगळा होता. लहानपणी मला तो फरक ऐकू यायचा. त्याला नाव काय द्यायचं ते खूप उशिरा समजलं. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याला संकुचितपणाचं डबकं म्हटलं होतं. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं त्यांच्या बाजूने बोलणाऱ्या माणसाला "गाव" या शब्दाचा गोडवा मान्य असणं शक्यच नव्हतं. गाव जेवलं म्हणताना पंगतीत कोण होतं, हा प्रश्न मराठीत बाबासाहेबांनंतर तरी न विचारता पुढे जाता येत नाही. स्पॅनिशमध्येही तो विचारायलाच हवा.

अटलांटिकच्या पलीकडे या शब्दाचं आणखी काही झालं. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक मेक्सिकोतून उत्तरेकडे गेले तेव्हा रिओ ग्रांदे नदीच्या काठाने त्यांना मातीची, एकावर एक रचलेली, शिडीने चढायची घरं दिसली. त्यांनी त्या गावांना प्वेब्लो म्हटलं आणि ते नाव तिथल्या माणसांनाच चिकटलं. आजच्या न्यू मेक्सिकोत अशी १९ प्वेब्लो आहेत, प्रत्येकाची स्वतःची सत्ता, आणि त्यांच्यात एकमेकांना न कळणाऱ्या अनेक भाषा. गाव हेच माणसांचं नाव झालेलं मला दुसरीकडे कुठे ठाऊक नाही. १६८० मध्ये या वेगवेगळ्या भाषांच्या गावांपैकी बहुतेकांनी स्पॅनिशांविरुद्ध एकाच वेळी उठाव केला. पोपे नावाच्या पुढाऱ्याने धावणाऱ्या निरोप्यांबरोबर गाठी मारलेल्या दोऱ्या पाठवल्या. रोज एक गाठ सोडायची, शेवटची सुटली की उठायचं. बारा वर्षं त्यांनी स्पॅनिशांना तिथून बाहेर ठेवलं. त्या दोरीचा विचार मी पुष्कळ वेळा करते. भाषा न जुळणाऱ्यांना गाठी मोजता येत होत्या.

आणि मग अनेकवचन. शिकताना मी या शब्दाच्या पुढच्या "स" कडे लक्षच दिलं नव्हतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९५७ मध्ये मूलनिवासी आणि आदिवासींसाठी करार केला, त्याच्या स्पॅनिश नावात "पोब्लासियोनेस" होतं, म्हणजे लोकसंख्या, वस्त्या, मोजायची माणसं. १९८९ मध्ये नवा करार झाला तेव्हा तिथे "प्वेब्लोस" आलं. त्या बदलासाठी मूलनिवासींच्या संघटना वर्षानुवर्षं भांडल्या होत्या, कारण लोकसंख्येला योजना देतात, प्वेब्लोला विचारावं लागतं. प्वेब्लो म्हटलं की जमीन, भाषा, स्वतःचं स्वतः ठरवणं हे सगळं मागोमाग येतं. भारताने पहिल्या करारावर मोहोर उठवली, दुसऱ्यावर आजवर नाही. माझ्या मते ती उठवायला हवी होती. लांज्या-राजापूरकडच्या माणसाला जितक्या सहज "आमचं गाव" म्हणता येतं तितक्याच सहज मेळघाटातल्या कोरकूला "आमचं जंगल" म्हणता यायला हवं.

तेरुएलच्या त्याच मुक्कामातली एक गोष्ट सांगायची राहिली. तेरुएल प्रांताची वस्ती गेल्या शंभर वर्षांत जवळपास निम्म्यावर आली. आता तिथे चौरस किलोमीटरमागे दहासुद्धा माणसं राहत नाहीत. "तेरुएल एक्सिस्ते", म्हणजे तेरुएल आहे, अशी १९९९ पासून तिथली चळवळ आहे. आम्ही आहोत एवढं सांगण्यासाठी चळवळ काढावी लागली. ३१ मार्च २०१९ ला रित्या होत चाललेल्या प्रांतांतली माणसं माद्रिदच्या रस्त्यावर उतरली. ते आपल्या भागाला "बासियादा" म्हणतात: रिकामा नाही, रिकामा केलेला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात या चळवळीचा एक खासदार संसदेच्या कनिष्ठ सभागृहात गेला, आणि जानेवारी २०२० मध्ये पंतप्रधानपदाचा ठराव १६७ विरुद्ध १६५ असा पार पडला तेव्हा त्या एका मताला केवढं वजन आलं होतं ते देशाने पाहिलं.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या तेलेक्लुबमध्ये बैठक होती. टीव्ही नवा होता त्या काळात, सगळ्यांनी मिळून बघता यावा म्हणून गावोगाव काढलेली ही जागा, आता तिथे कॉफी आणि पत्ते चालतात. विषय चर्चच्या घड्याळाचा. ऑगस्टात येणाऱ्यांचं म्हणणं, रात्री तास वाजतात, झोप मोडते, बारा ते सात ते बंद ठेवा. वर्षभर राहणाऱ्या एक बाई उठल्या. त्यांच्या बोटांना पिठाचा पांढरा थर होता, बहुतेक मळत्या कणकेवरून उठून आलेल्या. त्या म्हणाल्या की जानेवारीत पहाटे चारला उठून मेंढ्यांकडे जाताना गावात तोच एक आवाज असतो. मग म्हणाल्या, आठवड्यातून दोनदा येणारा डॉक्टर आता एकदाच येणार आहे, त्यावर कुणीच का बोलत नाही? वाद पेटला. कुणीतरी म्हणालं, प्वेब्लो ठरवेल. बाईंनी विचारलं, "कुठलं प्वेब्लो? ऑगस्टचं की जानेवारीचं?"

परतताना गाडीत आम्ही दोघी यावरूनच भांडलो. सहकारीचं म्हणणं, आमच्या आजोबांचं थडगं तिथे, घरपट्टी आम्ही भरतो, छपराची कौलं आम्ही बदलली, आम्ही नाही आलो तर जत्रा होणार नाही आणि बेकरी बंद पडेल. सगळं खरं. पण मला त्या पिठाच्या हातांच्या बाईंचं पटलं होतं. आमच्या वाडीत देवळाचा जीर्णोद्धार कसा करायचा ते मुंबईकर मंडळी दादरच्या एका सभागृहात बसून ठरवतात. टाइल्सचा रंगही तिथेच ठरला. गावात बारमाही राहणाऱ्यांनी मागितलं होतं ते साकवाचं काम, पावसात मुलांना शाळेत जाता यावं म्हणून. ते मागे पडलं. पैसा आमचा, भक्तीही खरी, पण साकवावरून आमची मुलं जात नाहीत. जो हिवाळा काढतो, जो पावसाळा काढतो, त्याचा शब्द आधी, असं मी तिला म्हटलं.

"आणि तू?" तिने विचारलं. "तू तुझ्या प्वेब्लोत किती पावसाळे काढलेस?"

"एकही नाही. म्हणून तिथे मत द्यायची वेळ आली तर मी हात वर करणार नाही. साकवाबद्दल मात्र बोलेन, आणि दादरला जाऊन बोलेन."

तिला ते मान्य नव्हतं. हात वर करायचा नसेल तर गाव आपलं कशाला म्हणायचं, असं तिचं म्हणणं. सारागोसाचे दिवे दिसायला लागले तरी आमचं चाललंच होतं, आणि सोमवारी ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी ते पुन्हा सुरू झालं.